‘केस योजनेत बसत नाही’ : रुग्णालयाच्या फलकावर लिहायच्या शब्दांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका धर्मादाय रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय समाजसेविकेला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या (महाराष्ट्र सरकारची मोफत उपचारांची योजना) काउंटरसाठी मराठी फलक आणि छोटी पुस्तिका तयार करायची आहे. ‘लाभार्थी’, ‘अंगीकृत रुग्णालय’, ‘भरती’, ‘डे-केअर’, ‘पॅकेज’, ‘पूर्वपरवानगी’ या शब्दांच्या व्याख्या करारातून भाषांतर करून लावाव्यात की वेगळ्या लिहाव्यात, असं त्या विचारतात.

भाषांतर करून लावू नका, हे आधीच सांगते. करारातल्या व्याख्या योजना चालवणारी सरकारी सोसायटी, विमा कंपनी आणि रुग्णालय यांनी एकमेकांशी हिशेब करण्यासाठी लिहिलेल्या असतात. तुमच्या फलकासमोर उभा राहणारा माणूस या तिघांपैकी कुणीच नसतो. त्याच्या हातात रेशन कार्डाची झेरॉक्स असते, आत आई किंवा बाप स्ट्रेचरवर असतो आणि काउंटरवरून त्याला एकच वाक्य ऐकू येतं, “केस योजनेत बसत नाही.” फलक लिहायचा तो या वाक्यासाठी. का बसत नाही, कोणत्या शब्दापाशी अडली आणि तिथून पुढे काय करायचं, हे त्याला तिथल्या तिथे कळलं पाहिजे.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ही योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांतल्या एका जिल्ह्यात मी पहिल्या महिन्यापासून प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचे अर्ज, टाकायला बसले. पुढे काही वर्षं टेबलाच्या पलीकडे, क्लेम तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये होते. २०१३ च्या नोव्हेंबरात योजना राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं, १ एप्रिल २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि १ जुलै २०२४ पासून संरक्षणाची रक्कम कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. सुरुवातीला हजाराच्या आत असलेल्या उपचारांची यादी तेव्हा १,३५६ वर पोचली. एवढं सगळं बदललं, पण ‘बसत नाही’ हे वाक्य मात्र मी पहिल्या दिवशी ऐकलं तसंच आजही ऐकते.

या वाक्यामागे सहा वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येक कारण एकेका व्याख्येत अडलेलं असतं. माणूस लाभार्थी नाही, किंवा रुग्णालय त्या आजारासाठी अंगीकृत नाही, किंवा उपचार यादीत नाही. कधी भरतीची गरज नाही, कधी कागद अपुरे आहेत, तर कधी कुटुंबाची वर्षाची रक्कम संपली आहे. पहिल्या पाचांपैकी बहुतेकांवर त्याच दिवशी काही ना काही इलाज असतो. पण नातेवाइकाला हे सहा वेगळे दिसत नाहीत, त्याला एकच बंद दार दिसतं. म्हणून फलकावरची पहिली ओळ मी अशी लिहीन : “योजनेत बसत नाही असं सांगितलं, तर कशामुळे ते विचारा आणि लिहून मागा.” लिहून द्यायची वेळ आली की निम्म्या केसेस बसतात, हा माझा अनुभव आहे.

आता शब्दांकडे येऊ.

‘लाभार्थी’ हा शब्द सोपा वाटतो आणि तिथेच पहिली गडबड होते. लोक विचारतात, “आमचं कुटुंब योजनेत आहे ना?” नियमाच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे एका वैध शिधापत्रिकेवर ज्यांची नावं आहेत ती माणसं. एका चुलीवर जेवणारे सगळे नव्हेत. लग्न होऊन दोन वर्षं झालेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल, तर सासरच्या कार्डावर ती बसत नाही. पण माहेरच्या कार्डावर ती लाभार्थी आहेच. सासूबाई काउंटरवर रडत उभ्या असतात आणि सुनेच्या भावाला फोन करून त्याच्या कार्डाचा फोटो मागवावा हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तान्ह्या बाळांचंही तसंच. हृदयाला छिद्र असलेलं तीन महिन्यांचं बाळ कार्डावर नाव नाही म्हणून परत पाठवताना मी पाहिलं आहे. बाळाचं नाव कार्डावर चढलेलं नसेल तर जन्मदाखला, आई-वडिलांबरोबरचा फोटो आणि आई-वडिलांचं कार्ड यांवर नोंद करता येते. त्या दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, हे माहीत नव्हतं, आणि बाळाच्या बापाला तर कुठून असणार?

पूर्वी पिवळं आणि केशरी कार्ड एवढंच चालायचं. पांढऱ्या कार्डाला शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांपुरती वाट होती. आता पांढऱ्या कार्डाची कुटुंबंही आत आली आहेत, तरीही “आमचं पांढरं आहे, आम्हाला कुठलं मिळतंय” म्हणून विचारायलाच न येणारी माणसं मी आजही बघते. फलकावर कार्डांचे रंग मोठ्या अक्षरांत लिहा, शक्य असेल तर त्या त्या रंगात लिहा. आणि ‘फ्लोटर’ हा शब्द पुस्तिकेत आणूच नका. “पाच लाख हे सगळ्या कार्डाचे मिळून, वर्षाला. एकाने वापरले तर बाकीच्यांसाठी तेवढे कमी होतात,” एवढं पुरे. सिंधुदुर्गाच्या बाजूचे रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, तिथे गोव्याच्या रहिवाशांसाठी असलेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत हिशेब निराळा आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाख. दोन्हीकडे शब्द ‘कुटुंब’ हाच, पण मोजमाप वेगळं. तुमच्याकडे सीमेवरचे रुग्ण येत असतील तर हे ध्यानात असू द्या.

‘अंगीकृत रुग्णालय’ हा सरकारी शब्द लोकांच्या तोंडी बसलेला नाही. ‘योजनेतलं हॉस्पिटल’ लिहा. पण एक गोष्ट सोडू नका. रुग्णालय सरसकट योजनेत येत नसतं, ते ठरावीक विभागांसाठी येतं. हाडांच्या विभागासाठी अंगीकृत असलेल्या रुग्णालयात हृदयाचा डॉक्टर उत्तम असेल, पण त्या विभागाची नोंद नसेल तर हृदयाची केस तिथे बसणार नाही. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. तुमच्या फलकावर ‘आमच्याकडे योजना आहे’ असं लिहून भागणार नाही. कोणत्या विभागांसाठी आहे ते लिहा, आणि ज्यांच्यासाठी नाही त्यांच्यासाठी जवळचं योजनेतलं रुग्णालय कोणतं, हा कागद आरोग्यमित्राच्या टेबलावर ठेवा. अ‍ॅम्ब्युलन्स दारात उभी असताना हा कागद शोधत बसायला वेळ नसतो.

आता ‘पॅकेज’. बाकीचं सगळं घाईत लिहिलंत तरी चालेल, या शब्दावर मात्र दोन दिवस घालवा.

बाजारात पॅकेज म्हणजे ठरलेली किंमत. ऑपरेशनचं पॅकेज ४० हजार, औषधं वेगळी, असं आपण खासगीत ऐकतो. तोच अर्थ मनात ठेवून लोक योजनेच्या काउंटरवर येतात. त्यामुळे “पॅकेजमध्ये हे येत नाही” असं म्हटलं की मुकाट्याने पैसे काढतात. योजनेतला अर्थ याच्या नेमका उलटा आहे. सुरुवातीपासून योजनेच्या नियमात पॅकेजची जी व्याख्या आहे तिच्यात जनरल वॉर्डातली खाट, नर्सिंग, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि इतर डॉक्टरांची फी, भूल, रक्त, ऑक्सिजन, ऑपरेशन थिएटर, शस्त्रक्रियेचं साहित्य, औषधं, कृत्रिम अवयव, इम्प्लांट, एक्स-रे आणि इतर तपासण्या, रुग्णाचं जेवण आणि घरी जाण्याचं एका वेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं हे सगळं मोजून लिहिलेलं आहे. रुग्ण दगावला तर मृतदेह गावापर्यंत पोचवण्याचा खर्चही त्यातच आहे. आणि त्याच्यापुढे या योजनेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य येतं. रुग्ण रुग्णालयात आल्याच्या तारखेपासून डिस्चार्जपर्यंत आणि डिस्चार्जनंतर दहा दिवस, गुंतागुंत झाली तर तीही धरून, सगळा खर्च पॅकेजमध्ये.

‘आल्याच्या तारखेपासून’ या दोन शब्दांत किती पैसा अडकलेला असतो, याचा एक प्रसंग सांगते.

खुब्याचं हाड मोडलेल्या सत्तरीतल्या आजी होत्या. मंगळवारी आल्या, शुक्रवारी प्री-ऑथ मंजूर झाला, सोमवारी ऑपरेशन. डिस्चार्जच्या दिवशी त्यांचा पुतण्या माझ्या टेबलापाशी आला. हातात मेडिकलची निळी पिशवी, तिच्यात एक्स-रेच्या फिल्म, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशन कार्ड आणि रबर बँड लावलेली बिलं. मंगळवार ते शुक्रवारची. छातीचा एक्स-रे, ईसीजी, टू-डी इको, साखर, क्रिएटिनिन, दोन वेळा सलाईन आणि इंजेक्शनं. एकूण ६,३४० रुपये. बिलिंगने त्याला सांगितलं होतं, “योजना मंजुरीपासून लागू होते, आधीचं तुमचं तुम्ही.” त्याला ते पटलंही होतं. तो तक्रार करायला आलाच नव्हता. त्याला फक्त विचारायचं होतं, की ही बिलं कुठे दिली तर थोडेफार परत मिळतील का.

मी करारातलं ते पान काढून बिलिंगच्या प्रमुखांसमोर ठेवलं. ते म्हणाले, “मॅडम, मंजुरी आली नसती तर? आम्ही खर्च कुणाच्या नावावर टाकायचा?” प्रश्न खोटा नव्हता. मंजुरी येईपर्यंत रुग्णालयाला खरंच धास्ती असते. पण मंजुरी आली होती, आणि आल्यानंतर पॅकेज मंगळवारपासून सुरू झालेलं होतं. दीड तासाने पैसे परत मिळाले. पुतण्याने नोटा दोनदा मोजल्या, वरच्या खिशात ठेवल्या, खिशाचं बटण लावलं आणि मला म्हणाला, “हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी शेळी विकली नसती.”

तुमच्या फलकावर मला ‘आल्याच्या तारखेपासून’ हे शब्द सगळ्यात वर हवे आहेत, ते यासाठी. रुग्णालयाची अडचणही लपवू नका. मंजुरी येण्याआधीच्या तपासण्यांसाठी पैसे भरून घ्यायची पद्धत तुमच्याकडे असेल, तर मंजुरी आल्यावर ते परत कोण करणार, कधी करणार, पावती कुठे दाखवायची, हे व्यवस्थापनाकडून आधी ठरवून घ्या आणि तेही लिहा. व्यवस्थापन नको म्हणेल. तेव्हा करारातलं ते पान सोबत न्या.

पॅकेजच्या दुसऱ्या टोकालाही असंच होतं. डिस्चार्जनंतरचे दहा दिवस. डिस्चार्ज कार्डावर औषधं लिहून देतात आणि रुग्ण ती गेटबाहेरच्या मेडिकलमधून विकत घेतो. त्या दहा दिवसांची औषधं पॅकेजमधली आहेत. टाके पिकले, ताप आला, पुन्हा दाखल करावं लागलं, तर ती त्याच आजाराची गुंतागुंत धरली जाते. आयुष्मान भारतच्या केंद्रीय नियमांत याच जागी आकडे वेगळे आहेत. भरतीपूर्वीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा. शिवाय तिथे भरतीपूर्वीच्या तपासण्या त्याच रुग्णालयात झालेल्या असाव्या लागतात. दोन्ही योजना एका काउंटरवरून चालतात म्हणून दोन्ही आकडे एका वाक्यात मिसळू नका. रुग्णाची केस कोणत्या नियमाखाली नोंदली आहे ते आरोग्यमित्र सांगेल, फलकावर तेवढं विचारायला सांगा.

इम्प्लांटबद्दलही दोन ओळी लिहाव्याच लागतील. “योजनेतली प्लेट साधी असते, चांगल्या कंपनीची हवी असेल तर वरचे भरा,” हे वाक्य ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये सांगितलं जातं. त्या वेळी कोणता मुलगा आईसाठी साधी प्लेट निवडेल? व्याख्येत इम्प्लांट पॅकेजच्या आत आहे. ‘साधं’ आणि ‘चांगलं’ असे दोन वर्ग नियमात नाहीत. जे बसवायचं ते रुग्णाला योग्य असलंच पाहिजे आणि त्याचे पैसे पॅकेजमधून आले पाहिजेत. पुस्तिकेत हे वाक्य जसंच्या तसं लिहा : “ऑपरेशनच्या साहित्यासाठी वेगळे पैसे मागितले, तर देण्याआधी आरोग्यमित्राला भेटा.”

‘भरती’ आणि ‘डे-केअर’ यांच्याबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक खासगी पॉलिसीचं असतं. विमा नियामक प्राधिकरणाने खासगी आरोग्य विम्यासाठी प्रमाणित व्याख्या ठरवून दिल्या आहेत. त्यांत भरती म्हणजे रुग्णालयात सलग किमान २४ तास अंतर्रुग्ण म्हणून राहणं. रुग्णालय म्हणजे दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान दहा खाटा, इतरत्र पंधरा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी. डे-केअर म्हणजे भूल देऊन केलेला असा उपचार, ज्याला एरवी २४ तासांहून जास्त राहावं लागलं असतं, पण नव्या तंत्रामुळे त्याआधीच घरी जाता येतं. व्याख्या चांगल्या आहेत, पण त्या तिथल्या. त्यांच्याबरोबर तिथली प्रतीक्षा मुदतही लोकांच्या डोक्यात येते. “मला आधीपासून शुगर आहे, मग मिळणार नाही ना?” असं विचारणारे रोज भेटतात. या योजनेत आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरलेला आहे, प्रतीक्षा मुदत नाही. फलकावर हे एक वाक्य असू द्या, खूप लोकांचा जीव भांड्यात पडेल.

आयुष्मान भारतच्या नियमांतही भरतीसाठी २४ तासांची अट आहे, आणि त्याच व्याख्येत डे-केअर आत घेतलेलं आहे. म्हणजे डायलिसिससाठी सकाळी येऊन दुपारी घरी जाणारा माणूस, किंवा किमो घेऊन संध्याकाळच्या एसटीने परतणारी बाई नियमाच्या दृष्टीने भरतीच आहे, रात्र वॉर्डात काढली नाही तरी. उलट तापाच्या रुग्णाला कॅज्युअल्टीत आठ तास सलाईन लावून सोडलं, तर ती ओपीडी झाली. नातेवाइकांना हे अन्यायाचं वाटतं. “माझा माणूस दिवसभर खाटेवर होता आणि भरती नाही, शेजारचा चार तासांत गेला आणि भरती!” समजावताना तास मोजत बसू नका. असं सांगा, की यादीत असलेला उपचार झाला की नाही ते बघतात, खाटेवर किती वेळ होता ते नंतर येतं.

वेळेचीच गोष्ट निघाली म्हणून तुमच्या परिचारिकांसाठी एक विनंती. क्लेम तपासताना मी जितक्या फायली अडकलेल्या पाहिल्या, त्यांतल्या पुष्कळ वेळेच्या नोंदीवर अडकल्या होत्या. केसपेपरवर तारीख आहे पण वेळ नाही. नर्सिंग चार्टवर रात्री पावणेअकराला सलाईन लावल्याची नोंद आणि भरतीचा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा. आयसीयूत हलवलं ते कधी, परत वॉर्डात आणलं ते कधी, हे कुठेच नाही. फाईल तपासणारा डॉक्टर रुग्णाला कधीच बघत नाही, त्याच्यासमोर फक्त कागद असतो. आयुष्मानच्या औषधोपचाराच्या पॅकेजमध्ये दर दिवसागणिक आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधारलेल्या दरांत जनरल वॉर्डला दिवसाला २,१००, एचडीयूला (वॉर्ड आणि आयसीयू यांच्या मधल्या देखरेखीच्या कक्षाला) ३,३००, व्हेंटिलेटर नसलेल्या आयसीयूला ८,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये होते. वॉर्ड आणि आयसीयू यांत हा एवढा फरक असल्यावर, कोण कुठल्या खाटेवर किती वाजल्यापासून होतं हे नीट न लिहिणं म्हणजे आपल्याच रुग्णालयाचं नुकसान. आणि नियमात आयसीयू म्हणजे दारावर पाटी लावलेली खोली नव्हे. सतत देखरेख करणारा तिथलाच डॉक्टर, अत्यवस्थ रुग्णासाठी लागणारी उपकरणं आणि वॉर्डाहून स्पष्ट दिसेल अशी वरच्या दर्जाची शुश्रूषा, हे सगळं असेल तरच.

‘शस्त्रक्रिया’ आणि ‘वैद्यकीय उपचार’ यांतला फरक फलकावर नको, लोकांना त्याचं काही करायचं नसतं. पुस्तिकेत एक परिच्छेद पुरे. एकाच वेळी दोन-तीन शस्त्रक्रिया झाल्या तर आयुष्मानच्या नियमात सगळ्यांत मोठीचा दर पूर्ण, दुसरीचा निम्मा आणि त्यापुढच्यांचा पाव धरतात. हा रुग्णालय आणि योजना यांच्यातला हिशेब आहे. “दुसऱ्या ऑपरेशनचे निम्मेच मिळतात, उरलेले तुम्ही द्या,” असं रुग्णाला सांगणं चूक आहे, एवढं मात्र जरूर लिहा.

तपासणी आणि उपचार यांतला फरक मात्र लोकांना कळायलाच हवा. अँजिओग्राफी ही हृदयाच्या नळ्यांची तपासणी, अँजिओप्लास्टी हा त्यांतला अडथळा मोकळा करायचा उपचार. तपासणीत अडथळा निघाला आणि त्याच रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली, तर तपासणी ‘आल्याच्या तारखेपासून’च्या आत येते. अडथळा निघालाच नाही, तर त्या तपासणीचं बिल कुणाच्या नावावर पडणार, हे टेबलावर घेण्याआधी नातेवाइकांना सांगितलं गेलं पाहिजे. एकदा “सगळं फुकट आहे” म्हणून सांगितलं आणि मग देवाच्या कृपेने नळ्या मोकळ्या निघाल्या, की त्या माणसाला आनंद व्हायच्या आधी बिल दिसतं. हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि ते टाळता येतं.

‘पूर्वपरवानगी’ म्हणजे उपचार करण्याआधी योजनेकडून ऑनलाईन घेतलेली मंजुरी. लोक तिला नुसतं ‘मंजुरी’ म्हणतात, तोच शब्द वापरा. ‘क्वेरी आली’ म्हणजे केस नाकारली असं नव्हे, तपासणाऱ्याने आणखी एखादा कागद किंवा रिपोर्ट मागितला आहे, हे समजावून लिहा. क्वेरी आली म्हटल्याबरोबर घाबरून रुग्णाला दुसरीकडे हलवणारी माणसं मी पाहिली आहेत. तातडीच्या केसमध्ये मंजुरीची वाट बघत थांबायचं नसतं, फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून जातात. हे वाक्य नातेवाइकांपेक्षा तुमच्या रात्रपाळीच्या डॉक्टरांना जास्त लागेल, म्हणून त्याची एक प्रत कॅज्युअल्टीच्या ड्यूटी रूममध्ये लावा.

‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ हा शब्द फलकावर घेऊ नका. तो डॉक्टर आणि तपासनीस यांच्या वादाचा शब्द आहे, रुग्णाने त्यात पडायचं कारण नाही.

तुमचं रुग्णालय धर्मादाय आहे म्हणून एक गोष्ट वेगळी सांगते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात असतात. या योजनेत न बसलेल्या माणसाला तुमच्याच इमारतीत दुसरं दार आहे. ‘निर्धन’ आणि ‘दुर्बल घटक’ या शब्दांच्या व्याख्या उत्पन्नावर आहेत, रेशन कार्डाच्या रंगाशी त्यांचा संबंध वेगळा आहे. दोन्ही फलक शेजारी लावा, पण एकात मिसळू नका. आजवर मी “योजनेत बसत नाही” ऐकून परत गेलेल्या कितीतरी लोकांना नंतर भेटले आहे, आणि ज्या रुग्णालयातून ते परत गेले तिथेच धर्मादाय खाटा रिकाम्या होत्या.

तुम्ही मागितलेला मसुदा हा असा होईल. शब्द तुमच्या भागातल्या बोलीप्रमाणे बदला.

लाभार्थी : ज्यांचं नाव चालू रेशन कार्डावर आहे ते. पिवळं, केशरी, पांढरं, तिन्ही कार्डं चालतात. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर असेल तर ते कार्ड आणा. बाळाचं नाव कार्डावर नसेल तर जन्मदाखला, आई-वडिलांसोबतचा फोटो आणि त्यांचं कार्ड आणा.

योजनेतलं हॉस्पिटल : आमचं हॉस्पिटल खालील विभागांसाठी योजनेत आहे. तुमचा आजार यांत नसेल तर जवळच्या दुसऱ्या हॉस्पिटलचं नाव आरोग्यमित्राकडे मिळेल.

भरती : यादीतल्या उपचारासाठी दाखल होणं. डायलिसिस आणि किमोसारख्या उपचारांना रात्री राहावं लागलं नाही तरी ती भरतीच असते.

पॅकेज : तुम्ही इथे आलात त्या दिवसापासून घरी जाईपर्यंत आणि त्यानंतर दहा दिवस, या आजारासाठी लागणारा सगळा खर्च. तपासण्या, औषधं, रक्त, ऑपरेशनचं साहित्य, जेवण आणि परतीचं एसटी भाडं त्यात आहे. यांपैकी कशासाठीही पैसे मागितले तर देण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. आधी भरले असतील तर पावती जपून ठेवा.

मंजुरी : उपचाराआधी योजनेकडून घ्यायची परवानगी. तातडीच्या वेळी उपचार आधी, कागद नंतर. ‘क्वेरी’ म्हणजे नकार नव्हे.

नकार : योजनेतून उपचार नाकारले तर कारण लिहून मागा. समाधान झालं नाही तर १५५३८८ या मोफत क्रमांकावर फोन करा.

उपचारांची यादी फलकावर छापू नका. ती बदलत राहते, आणि जुन्या यादीवर बोट ठेवून रुग्णाला परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. आकडे आणि मुदती दरवर्षी चालू कराराशी पडताळून घ्या, दहाचे पंधरा झाले तर फलकावर त्याच आठवड्यात झाले पाहिजेत.

फलक कुठे लावणार, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. बहुतेक ठिकाणी तो आरोग्यमित्राच्या टेबलामागे लागतो. तिथे पोचलेल्या माणसाला आरोग्यमित्र तोंडी सांगतोच. पैसे मागितले जातात ते कॅज्युअल्टीत, बिलिंगच्या खिडकीवर, तपासणीच्या काउंटरवर आणि तुमच्याच आवारातल्या मेडिकलमध्ये. ‘पॅकेज’ची व्याख्या या चार जागी लावा, उभ्याने वाचता येईल एवढ्या अक्षरांत. मेडिकलवाले भिंतीवर जागा नाही म्हणतील. तिथे काचेवर आतून चिकटवा.